उसना कान

ज्यांना ‘कान आहे’ अशा लोकांशी माझे जुने भांडण आहे. तसे कान मलाही दोन आहेत. चष्म्याच्या काड्या त्यांच्यावर व्यवस्थित बसतात आणि काउंटरपलीकडून गिऱ्हाईक काय पुटपुटते तेही त्यांना स्वच्छ ऐकू येते. (बँकेचे गिऱ्हाईक जे पुटपुटते ते ऐकू न आलेले बरे, हा भाग वेगळा.) पण ‘कान असणे’ म्हणजे हे नव्हे. शेजारच्या घरात कुणी पेटीवर बोट ठेवले की डोळे मिटून ‘काळी दोन’ म्हणणे, याला कान असणे म्हणतात. तानसेन शतकात एखादा होतो; कानसेन आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामागे दोन आहेत.

मला कान नाही हे मला पाचवीत कळले. पंधरा ऑगस्टच्या समूहगीताची तालीम चालू होती. बाई पेटी थांबवून रांगेतून कानोसा घेत फिरल्या, माझ्यापाशी थबकल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, ‘‘तू नुसते ओठ हलव हं, बाळ.’’ रागावल्या असत्या तर मी विसरलो असतो. मायेने म्हणाल्या, म्हणून पस्तीस वर्षे ओठच हलवतो आहे. वाढदिवसाला हलवतो, सहलीच्या बसमध्ये हलवतो. गणपतीच्या आरतीला तर घरच्यांनी माझ्या हाती कापराचे तबक दिले आहे. झांज दिली तर तीही बेसूर वाजेल, अशी त्यांची खात्री आहे.

अशा माणसाने सेहेचाळिसाव्या वर्षी गिटार हातात घेतली. गिटार कन्येची. ती शिकायला पुण्याला गेली आणि गिटार डोंबिवलीला कपाटावर राहिली. एका रविवारी पंखा पुसायला स्टुलावर चढलो, ती खाली काढली आणि तारांवरून बोट फिरवले. जो आवाज निघाला तो मलाही बेसूर वाटला. म्हणजे विचार करा!

आता ट्यूनर आणणे आले. हा विचार मी नेमका साडूंपुढे बोलून दाखवला. साडू दरवर्षी सवाई गंधर्वला जातात आणि पुढचे आठ महिने त्याबद्दल बोलतात. ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, ‘‘ट्यूनर? अहो, सूर काय मशीन लावतं? सूर कानानं लावायचा. मशीननं लावलेला सूर म्हणजे पावडरचं दूध!’’

त्यांच्या चहात त्या दिवशी पावडरचेच दूध होते. पण जीभ हा विषय नव्हता.

कानाने लावा, ठीक आहे. पण कशाला लावा? ‘ए’ नावाचा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा असावा, हे १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरले आणि १९५५ साली आयएसओने तीच शिफारस केली. त्याआधी गावोगावचा ‘ए’ वेगळा होता. गिटारची पाचवी तार याच आकड्याच्या बरोब्बर पाव, म्हणजे ११० कंपनांची. आता कमिटीने बहुमताने ठरवलेला आकडा माणसाच्या कानात जन्मतः कुठून येणार? एक सूर बाहेरून आणावाच लागतो. म्हणून तर लंडनच्या दरबारातल्या जॉन शोअर नावाच्या वादकाने १७११ साली चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क काढला. तेव्हाही कुणाच्या तरी साडूने नाक मुरडले असणार.

आणि एक तार मिळाली, पुढचे काय? जाडी तार पाचव्या फ्रेटवर दाबायची आणि खालची तार तिच्याशी जुळवायची. मग ती दाबायची, तिच्याशी पुढची. (तिसरीवरून दुसरीला जाताना मात्र चौथा फ्रेट. हे मला कुणी सांगितले नव्हते.) कानवाल्याला हे सोपे आहे. माझ्यासारख्याचा पहिल्याच तारेत थोडा फरक राहतो, तो दुसरीत जातो, दुसरीचा अधिक तिचा स्वतःचा तिसरीत. कॉमर्सच्या पोराला हे समजावून सांगायला नको. ओपनिंग बॅलन्स चुकला की महिनाअखेरीस काय होते, ते आम्ही रात्री साडेनऊपर्यंत बसून पाहिलेले आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेचे हेडकॅशिअर नोटा मोजायच्या यंत्राला ‘घरघर’ म्हणत. त्यांचा अंगठा शंभराचे बंडल असे मोजायचा की पाहत राहावे. पण त्यांचा अंगठा त्यांच्यापाशी होता. बाकी आम्हा लोकांची कॅश शॉर्ट गेली की भरपाई आमच्या खिशातून व्हायची. यंत्र आले त्या दिवशी त्यांचा मान एका काडीने कमी झाला नाही. आमची फक्त झोप वाढली. ट्यूनरचेही एवढेच आहे. ज्याला अंगठा आहे त्याने खुशाल अंगठ्याने मोजावे. बाकीच्यांना काउंटरवरून उठवू नये, एवढेच माझे म्हणणे!

साडूंचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी त्यांना अजून सांगितलेला नाही. रुपयाचे शंभर पैसे, तसे अर्ध्या स्वराचे शंभर सेंट. या हिशेबात ट्यूनरचा शुद्ध गंधार चारशे सेंटवर असतो. नैसर्गिक गंधार सुमारे तीनशे शहाऐंशीवर. चौदा सेंटचा हा घोटाळा पेटीतही आहे, आणि तिच्यावरच्या असल्याच आक्षेपांपायी आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली होती. १९७१ पर्यंत ती आत येऊ शकली नाही. पण गिटारचे फ्रेट म्हणजे सतारीचे सरकते पडदे नव्हेत, ते कारखान्यातच याच हिशेबाने ठोकून येतात. तारा एका कॉर्डपुरत्या गोड लावा, दुसरी कॉर्ड कडू होते. आणि साडू स्वतः रियाज करतात (करतात!) तेव्हा शेजारी तानपुरा नसतो. विजेवरची पेटी घुमत असते. ती चालते.

असो. ट्यूनर घ्यायचा ठरला. कन्या फोनवर म्हणाली, ‘‘बाबा, तू ॲप टाक ना, फुकट असतं.’’ टाकले. ॲप फोनच्या माइकने ऐकते, आणि आमच्या घरात माइकला ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. मी चौथी तार छेडली, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. काटा थरथरला आणि कुकरवर जाऊन स्थिर झाला. पुढच्या मिनिटाला मालिकेतली सासू बोलली, तिचाही स्वर दाखवला. सूर जवळजवळ लागला असता साहेबांचा फोन आला आणि ॲप मिटले. म्हणून चिमट्याचा ट्यूनर घेतला. तो गिटारच्या डोक्याला चावून बसतो आणि हवेतले काही ऐकत नाही, लाकडाची थरथर ओळखतो. सासू कितीही ओरडो, लाकूड थरथरत नाही. चार-पाचशे रुपयांत येतो, आत बटणाएवढा सीआर २०३२ सेल असतो.

घेताना तीन गोष्टी पाहा, माझ्या खर्चाने शिकून घ्या. पडदा उजेडात आणि काळोखात दोन्हीकडे दिसावा. आमच्याकडे वीज जाते. नुसते अक्षर दाखवणाऱ्यापेक्षा तारेचा क्रमांकही दाखवणारा बरा, कारण ‘ई’ नावाच्या तारा दोन आहेत, एक जाडी आणि एक बारीक. तिसरी गोष्ट यंत्राची नाही. कोणती खुंटी कोणत्या तारेची हे बोट लावून बघा. मी तिसरी तार छेडत दुसरीची खुंटी पिळत होतो. काटा हलेना. मला वाटले यंत्र सदोष, म्हणून आणखी पिळली. टण्‌! सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘हा सूर ओळखीचा वाटला.’’

दिवाळीत कन्या आली, मैत्रिणीची गिटार आणि ट्यूनर घेऊन. दोघांचे दिवे हिरवे. एकत्र वाजवले तर मांजरे भांडल्यासारखा आवाज. दोन खतावण्या आपापल्या जागी टॅली आणि एकमेकींशी जुळेनात, हा प्रकार माझ्या धंद्यातला. एंट्री शोधत बसलो. माझ्या ट्यूनरवर ४४० च्या जागी ४३६ होते. पुसताना कधीतरी बटण दाबले गेले होते. सोळा सेंटचा फरक. वीस वर्षांत मी एवढी समाधानाची चूक पकडली नव्हती.

आणि हा फरक मला आधी ऐकू आला होता, मग दिसला होता. हे साडूंना कसे सांगावे कळत नाही. आठ महिने रोज रात्री हिरवा दिवा लागतो आणि त्याच क्षणी तो सूर कानावर पडतो; कानाला कुणीतरी न रागावता, न कुरवाळता, ‘हे बरोबर’ असे सांगत राहते. बाईंनी तेवढे सांगितले नव्हते. परवा सेल संपला होता, तर दुसरी तार मी अंदाजाने लावली. नवा सेल घालून पाहिले. आठ सेंट कमी. फार चांगले नाही, पण पाचवीतल्या मानाने पुष्कळ.

यंदा गणपतीत आरती सुरू झाली, मी तबक घेऊन नेहमीच्या जागी उभा होतो. दुसऱ्या कडव्याला ओठांबरोबर थोडा आवाजही निघाला. पुढे उभ्या असलेल्या साडूंनी मान वळवून पाहिले. मी कापूर सरळ धरला आणि तिसरे कडवे जरा मोठ्याने म्हटले.