गोळी म्हणून पास, खेळणं म्हणून नापास




मुलुंड पूर्वेला शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोरच्या एखाद्या दुकानात पाच मिनिटं उभं राहावं आणि गल्ल्यापुढच्या बरण्या पाहाव्यात. वाजवता-वाजवता चघळायची शिट्टीची गोळी. साखरेचा खडा बसवलेली अंगठी. एकावर एक रचता येतील अशा रंगीत विटा. दुधाच्या बाटलीत भरलेली आंबटगोड पूड, सोनेरी कागदातली नाणी, जेलीचे डोळे, गोड मण्यांचं घड्याळ. पाच-दहा रुपयांचा मामला. विकत घेणारा सात-आठ वर्षांचा असतो. पण आजीच्या कडेवर त्याचं दीड वर्षांचं भावंड असतं, आणि बरणीकडे पहिला हात त्याचाच जातो.

यात धोका आहे असं कुणी म्हटलं की एक उत्तर ठरलेलं असतं. पार्ल्याचा गोळ्यांचा कारखाना 1929 सालचा, रावळगावच्या गोळ्या घरोघरी, लिमलेट चघळत तीन पिढ्या मोठ्या झाल्या. तेव्हा कुणाचं काय बिघडलं? आईबापांनी लक्ष ठेवावं म्हणजे झालं. लक्ष ठेवायला हवं, हे खरंच. पण ‘आमचं काही बिघडलं नाही’ ही साक्ष वाचलेल्यांची असते. जी मुलं वाचली नाहीत, ती साक्ष द्यायला येत नाहीत.

साताऱ्यात 2023 साली जेली चॉकलेट घशात अडकून एका चिमुकलीचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 2022 मध्ये, कर्नाटकातल्या बैंदूरजवळ सहा वर्षांची मुलगी शाळेच्या बसपाशी चॉकलेट घशात अडकून दगावली. नोव्हेंबरमध्ये वरंगळला आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तेच झालं; चॉकलेट वडिलांनी परदेशातून हौसेनं आणलेलं होतं. या मुलांचा जीव गोळीच्या खेळण्यासारख्या आकारानं घेतला, असा दावा इथे नाही. मुद्दा एवढाच, की शाळेत जाणाऱ्या मुलांनाही साधी गोळी जड जाते. अमेरिकेत 2001 ते 2009 या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा अन्न घशात अडकल्यामुळे वर्षाला सरासरी 12 हजारांवर मुलं तातडीच्या विभागात आणली जात होती असं दिसलं. त्या अन्नपदार्थांत पहिला क्रमांक कडक गोळीचा होता.

रांगत्या-चालत्या मुलाचं शरीर या बाबतीत अगदी कच्चं असतं. पुढचे दात आलेले असतात, त्यामुळे तुकडा तोडता येतो. तो दळायला लागणाऱ्या दाढा मात्र अडीच-पावणेतीन वर्षांपर्यंत येतच राहतात. श्वासनलिका अरुंद, खोकल्याचा जोर कमी, आणि तोंडात घास असताना हसणं, रडणं, धावणं चालूच. गोळी विरघळेलच की, असं म्हणणाऱ्यांनी घड्याळ पाहावं. कडक गोळी विरघळायला बराच वेळ घेते. श्वास पूर्ण कोंडला तर मेंदूला चार-पाच मिनिटांत इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात मिठागर रोडवरून रिक्षासुद्धा मिळत नाही, शीव किंवा परळचं मोठं रुग्णालय तर दूरच.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी फट तिथे आहे. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक सोपी चाचणी असते: 31.7 मिलिमीटर तोंडाचा एक छोटा दंडगोल घ्यायचा, आणि खेळणं किंवा त्याचा सुटलेला तुकडा त्यात पूर्ण मावला तर ते नापास. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, यावरून त्या तोंडाचा अंदाज यावा. हीच रंगीत वीट प्लास्टिकची असती, तर दीड वर्षांच्या मुलासाठी ती नापास झाली असती. साखरेची झाली की ती अन्न ठरते. मग तिच्यातले रंग तपासतात, घटक तपासतात, पाकिटावरची तारीख तपासतात. दंडगोल कुणी काढत नाही.

खरं तर गोळीला ही चाचणी अधिक कडक लावायला हवी. खेळणं तोंडात जाऊ नये अशी अपेक्षा असते, गोळी तोंडात जाण्यासाठीच असते. शिवाय खेळण्याचं माप बदलत नाही, गोळीचं मिनिटामिनिटाला बदलतं. अंगठीचा मोठा खडा सुरुवातीला सुरक्षित वाटतो. चोखून-चोखून तो लहान, गुळगुळीत होतो आणि कधी बुडख्यापासून सुटतो. आई निर्धास्त होऊन पाठ फिरवते, नेमकी तेव्हा.

अन्नाला आकारावरून नियम लावता येत नाहीत, हे म्हणणंही टिकत नाही. छोट्या कपातून एका झटक्यात तोंडात ओढायची कोंजॅक या घट्टकारक पदार्थाची जेली युरोपीय संघाने 2002 साली रोखली, ती विषारी होती म्हणून नव्हे. तिचा आकार, घट्टपणा आणि खाण्याची पद्धत घसा बंद करणारी होती म्हणून. अमेरिकेच्या 1938 च्या कायद्यानं मिठाईच्या पोटात न खाण्याची वस्तू घालायला मनाई आहे. त्यामुळे खेळणं पोटात असलेलं चॉकलेटचं अंडं तिथे विकता येत नाही. आपल्या बारामतीत तयार होणाऱ्या किंडर जॉयमध्ये मात्र खाऊ एका बंद कप्प्यात आणि खेळणं दुसऱ्या बंद कप्प्यात असतं. ही रचना अमेरिकेतही चालते. म्हणजे रचना बदलता येते. आपल्याकडेही अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2017 साली खाऊच्या पाकिटात सुटी खेळणी टाकू नका असं कंपन्यांना बजावलं. त्याच वर्षी आंध्रातल्या एलुरूमध्ये चिप्सच्या पाकिटातलं प्लास्टिकचं खेळणं गिळून चार वर्षांचा मुलगा गेला. पाकिटातल्या खेळण्याचा विचार झाला. आता खाऊच खेळण्याच्या रूपात येतो, त्याचाही व्हावा.

गोड विटा खाऊन मूल खऱ्या विटा तोंडात घालायला शिकतं, असंही काही पालक म्हणतात. दीड वर्षांचं मूल तसंही सगळंच तोंडात घालतं, म्हणून त्या वयापुरता हा युक्तिवाद दुबळा आहे. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला आपण काय खायचं आणि काय नाही हे शिकवत असतो, तेव्हा चकचकीत नाणं खाऊ ठरलं तर रिमोटमधून पडलेली बटणासारखी बॅटरी त्यानं वेगळी कशी ओळखावी? ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते.

आणि बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मुलुंडच्या कितीतरी सोसायट्यांत हा देखणा सोहळा होतो. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, बाजूबंद, हातात हलव्याची बासरी. खेळण्याच्या रूपातली साखर आपल्या घरात अशी जुनी आहे आणि ती जपावी इतकी सुंदर आहे. पण मुलाच्या डोक्यावरून काय ओतलं जातं ते पाहा: बोरं, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, आणि अलीकडे मूठमूठ गोळ्या, जेली. आपल्याकडे लहान मुलांच्या श्वासनलिकेतून सर्वाधिक काढावा लागतो तो शेंगदाणाच. भोवतीची मुलं वेचायला झेपावतात, हसतात, ओरडतात, तोंडं भरलेली असतात, आणि मोठ्यांचे डोळे मोबाइलच्या पडद्यावर. चुरमुरे ओतावेत, फुटाणे नकोत, बोरं-शेंगा परडीत ठेवून मोठ्या मुलांच्या हाती द्याव्यात. सोहळ्याचं काहीही उणं होत नाही.

मागणी फार मोठी नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरण आणि भारतीय मानक ब्यूरो यांनी एकत्र बसून खेळण्याच्या आकाराच्या गोळ्यांना तोच दंडगोल लावावा, चोखून उरणाऱ्या तुकड्यालाही लावावा, आणि नापास होणाऱ्या मालावर ‘तीन वर्षांखालील मुलांना देऊ नये’ हे मराठीत, दर्शनी बाजूला, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापायला लावावं. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं शाळांभोवतीच्या दुकानांत या मालाची पाहणी करावी. दुकानदारांना आजच करता येईल असं एक काम आहे: या बरण्या कडेवरच्या मुलाचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवणं.

सोसायट्यांच्या फलकांवर लिफ्टच्या वेळा लागतात, तिथे आणखी एक कागद लागावा. मूल खोकत असेल तर खोकू द्यावं. आवाजच बंद झाला तर वर्षाखालच्या बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थापा आणि मग छातीवर पाच दाब, वर्षावरच्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि मग बेंबीच्या वर पाच दाब. दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालू नये. आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी 108 लावावा.

— एक वाचक, मुलुंड (पूर्व)