दुकानाच्या नांवाचें यंत्र

जुन्या वस्तूंविषयीं आपल्या सुशिक्षित समाजाची दृष्टि मोठी चमत्कारिक आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतील अडकित्ते आणि दिवे पाहून सारे माना डोलावितात, आणि जन्मभर खपून तो संग्रह करणाऱ्या काका केळकरांस मनापासून धन्यवाद देतात. परंतु अमेरिकेंत कांहीं लोक कपडे धुण्याचीं जुनीं यंत्रें जमवितात, असें ऐकतांच तीच मंडळी हंसूं लागतात. त्यांतही तीं यंत्रें नामांकित कारखानदाराच्या नांवाचीं नसून मोठ्या दुकानांनीं स्वतःच्या नांवाची पाटी लावून विकलेलीं आहेत, हें कळलें म्हणजे त्या हंसण्याचा उपहास होतो. हा उपहास अज्ञानमूलक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पहिला आक्षेप असा कीं, दुकानाच्या नांवाचा माल म्हणजे अस्सलाची स्वस्त नक्कल. आतां वस्तुस्थिति पाहा. सीअर्स या दुकानानें 'केन्मोर' हें नांव १९२७ सालीं धुण्याच्या यंत्रास दिलें. दुकानाचा स्वतःचा कारखाना त्यामागें नव्हता. मिशिगनमधील अप्टन कंपनी १९१६ पासून सीअर्सला यंत्रें पुरवीत होती. १९२९ सालीं ती दुसऱ्या एका कंपनींत विलीन झाली, व या संयुक्त कंपनीनेंच १९५० सालीं 'व्हर्लपूल' हें नांव घेतलें. या कारखान्याचें स्वयंचलित यंत्र १९४७ सालीं बाजारांत आलें तें केन्मोर म्हणून. व्हर्लपूलच्या नांवानें तें विकलें गेलें १९४८ सालीं! मग अस्सल कोणतें आणि नक्कल कोणती, हें आक्षेपकांनींच सांगावें. माँटगोमेरी वॉर्डच्या 'सिग्नेचर' यंत्रांमागें असाच नॉर्जचा कारखाना होता. खरा संग्राहक पाटीवरील नांवास भुलत नाहीं. केन्मोरच्या क्रमांकाच्या आरंभीं ११० हा आंकडा दिसला कीं यंत्र व्हर्लपूलच्या कारखान्यांतील आहे, हें तो ओळखतो. ज्यांनीं यंत्र घडविलें त्यांचें श्रेय दुकानाच्या पाटीखालीं झांकलें गेलें होतें. तें शोधून काढणें हें संशोधन नव्हे काय?

दुसरा आक्षेप असा कीं, असल्या वस्तूंत इतिहास तो कसला? आम्ही म्हणतों, इतिहास येथेंच आहे. छापील सूचिपत्रें घरोघर पाठवून या दुकानांनीं शेतावरच्या व आडगांवच्या कुटुंबांपर्यंत माल नेला. अशा घरांतील संसाराचा साक्षीदार कोणी सेनापति किंवा मुत्सद्दी नव्हे. तो कोपऱ्यांतला हा पांढरा पेटारा आहे. त्याची साक्ष नेहमींच गोड असते असेंही नाहीं. रूथ श्वार्ट्झ कोवन या विदुषीनें १९८३ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, पूर्वीं जें धुणें पैसे देऊन बाहेर धुऊन घेत, तें यंत्र आल्यावर घरच्या गृहिणीच्याच माथीं आलें. अंगमेहनत हलकी झाली, पण काम सरलें नाहीं. कारागिराचें श्रेय दुकानाच्या पाटीखालीं लपलें, तसे त्या स्त्रीचे श्रम घडी घातलेल्या कपड्यांखालीं लपले. हीं यंत्रें मोडींत गेलीं तर या दोन्ही श्रमांची एक ठळक खूण पुसली जाईल.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा आहे: जुनीं यंत्रें पाणी फार पितात. हें बऱ्याच अंशीं खरें आहे, व आम्ही तें नाकारीत नाहीं. परंतु त्यांतील कांहीं यंत्रांत साबणाचें पाणी शेजारच्या टांक्यांत सांठवून पुढच्या कपड्यांसाठीं परत ओढून घेण्याची सोय होती, हेंही विसरूं नये. शिवाय संग्राहक हीं यंत्रें कांहीं सर्व जगाच्या धुण्यासाठीं राखीत नाहींत. त्यांचा पट्टा, पंप व विद्युच्चुंबक उघडून पाहतां येतात, झिजलेला भाग बदलतां येतो. बिघडतांच वस्तु फेंकून देण्याची संवय जडलेल्या पिढीस हा धडा पाण्याच्या चार बादल्यांपेक्षां मोलाचा आहे.

संग्राहकांसही मात्र दोन शब्द सुनावणें प्राप्त आहे. अनेक कळा व झगमगते दिवे असलेलीं महाग यंत्रें तेवढीं उचलावयाचीं आणि साधें, स्वस्त यंत्र मोडींत घालावयाचें, ही रीति घातक आहे. गरीब घरीं जें चाललें तेंच आधीं राखलें पाहिजे. त्याची क्रमांकपट्टी खरवडूं नये, सूचनापुस्तिका जपून ठेवावी, आणि मुख्य म्हणजे यंत्र चालतें ठेवावें. न चालणारें यंत्र म्हणजे नुसतें रंगविलेलें पत्र्याचें खोकें.

वॉर्डचीं दुकानें २००१ सालीं बंद झालीं. सीअर्सचें मोठें सूचिपत्र १९९३ सालीं थांबलें, आणि २०१८ सालीं त्या दुकानानें दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्यांनीं पाट्या लावल्या त्यांची अशी गत झाली. पाट्यांखालचीं यंत्रें मात्र कोणाच्या तरी तळघरांत अजून कपडे धूत आहेत. तीं जपणाऱ्यांस हंसण्यापूर्वीं आपल्या आजीचा पाटा-वरवंटा आज कोठें आहे, हें प्रत्येक वाचकानें स्वतःच्या घरांत विचारून पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.