चौघांनी मिळून पॉडकास्ट काढला, पण तो नेमका कुणाचा?

एक जण माइक आणतो, दुसरा पाहुणे ठरवतो, तिसरी रात्री जागून एडिटिंग करते आणि चौथ्याच्या जीमेलवरून चॅनेल उघडलं जातं. 'अमुक तमुक', 'व्हायफळ' यांसारखे मराठी पॉडकास्ट लोकप्रिय झाले, तसे असे गटही वाढले. पैसे येत नाहीत तोवर मालकीचा विषय कुणी काढत नाही. पहिली स्पॉन्सरशिप मिळाली किंवा कुणाचं बिनसलं, की तो निघतोच.

अमेरिकेतला 'कॉल हर डॅडी' हा पॉडकास्ट 2018 मध्ये अलेक्झांड्रा कूपर आणि सोफिया फ्रँकलिन या दोघींनी सुरू केला. लवकरच तो बारस्टूल स्पोर्ट्स या कंपनीकडे गेला. 2020 मध्ये कराराच्या वाटाघाटींवरून दोघींचं फाटलं आणि नवे भाग थांबले. पॉडकास्टचे हक्क कंपनीकडे होते. कूपर कंपनीकडे परतली, फ्रँकलिन बाहेर पडली आणि तिला नव्या नावाने सुरुवात करावी लागली. पुढच्याच वर्षी कूपरने स्पॉटिफायशी करार केला. तो 6 कोटी डॉलरहून मोठा असल्याच्या बातम्या होत्या.

भारतातला कायदा काय म्हणतो?

1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा 'लेखक' म्हणजे त्याचा निर्माता. निर्माता कोण? ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. म्हणजे नुसतं बोलल्याने किंवा एडिटिंग केल्याने रेकॉर्डिंगचे हक्क आपोआप मिळत नाहीत. स्क्रिप्ट लिहिली असेल तर तिचा कॉपीराइट वेगळा. गंमत अशी, की चौघांच्या गटात 'पुढाकार माझाच होता' असं चौघंही म्हणू शकतात.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. 'घे रे, तुझंच आहे' असं तोंडी सांगून भागत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल, तर ती 5 वर्षं धरली जाते.

दुसरी बाजू फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. नफा वाटून घ्यायचं ठरवून सगळ्यांनी मिळून धंदा चालवला, तर 1932 च्या कायद्यानुसार ती भागीदारी ठरू शकते. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण भागीदारी ठरली, की त्या कामातून उभ्या राहिलेल्या देण्याची जबाबदारी प्रत्येकावर येते. एकाने एपिसोडमध्ये केलेली बदनामी इतरांनाही कोर्टात नेऊ शकते.

खरी किल्ली लॉगिनमध्ये

कोर्टापर्यंत प्रकरण क्वचितच जातं. त्याआधी पासवर्ड बदलले जातात. ऑडिओ पॉडकास्ट ज्या होस्टिंग खात्यावर असतो, तिथून एक फीड निघते आणि सगळी ॲप्स तीच वाचतात. ती दुसरीकडे वळवायची, तर त्या खात्यातूनच वळवावी लागते. खातं गेलं, तर जुने श्रोतेही गेले! यूट्यूबवर ब्रँड अकाउंट केलं, तर एकाहून जास्त जणांना मालक म्हणून जोडता येतं. पण कमाई ज्याच्या ॲडसेन्स खात्यात जमा होते, हिशेबही त्याच्याकडेच मागितला जातो.

म्हणून पहिल्या एपिसोडआधी एक पानभर करार पुरे. नाव कुणाचं, लॉगिन कुणाकुणाकडे, खर्च वजा जाता वाटा किती, कच्ची रेकॉर्डिंग्ज कुठे ठेवायची, एवढं त्यात असावं. आणि सर्वात अवघड कलम शेवटी: कुणी सोडून गेलं, तर त्याचा आवाज असलेले जुने भाग चालू राहणार का, आणि त्यांच्या जाहिरातींचे पैसे त्याला मिळणार का?