बाळंतपण संपलं, तपासणी संपली



बाईच्या आरोग्याचा विषय निघाला की बोलणं गर्भाशयापाशी येऊन थांबतं. सरकारचं तर थांबतंच, पण चळवळीतही ते बराच काळ तिथेच रेंगाळलं. त्याला कारणंही तशीच होती. नेट-एन हे इंजेक्शन बायकांवर लादलं जाऊ नये म्हणून १९८६ साली स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गर्भलिंगचिकित्सेविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला, तो संघटनांच्या रेट्यामुळे. ते लढे लढावेच लागले. पण बाईच्या शरीरात गर्भाशयाखेरीज हृदय आहे, मेंदू आहे, मूत्रपिंडं आहेत, आणि या सगळ्यांना रक्त पोचवणाऱ्या, केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. यावेळी त्या जाळ्याविषयी लिहायचं आहे. विषय डॉक्टरी वाटेल, पण तो येऊन ठेपतो आपल्या गटाच्या वहीतल्या एका रकान्यापाशी.

हृदयापासून निघणारी मोठी धमनी बोटाहून जाड असते. तिला फाटे फुटत फुटत शेवटी ज्या केशवाहिन्या उरतात, त्या इतक्या अरुंद की रक्तातली तांबडी पेशी त्यांच्यातून एकेक करून, अंग चोरून जाते. खरा व्यवहार होतो तो इथे. प्राणवायू, साखर, पाणी, टाकाऊ माल, सगळ्याची देवाणघेवाण या बारीक वाहिन्यांच्या पातळ भिंतीतून चालते. स्नायू कामाला लागले की त्यातल्या बंद केशवाहिन्या उघडतात, हे दाखवून देणाऱ्या डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना १९२० साली नोबेल मिळालं. त्यांची बायको मारी क्रोग स्वतः डॉक्टर आणि संशोधक होती. फुप्फुसातल्या वायूंच्या देवाणघेवाणीवरचं काम दोघांनी मिळून केलं होतं. मारीला मधुमेह होता, आणि तिच्या आजारामुळेच १९२२ साली हे जोडपं कॅनडातल्या संशोधकांकडून इन्शुलिन बनवण्याची परवानगी घेऊन डेन्मार्कला परतलं. ज्या रोगाने बारीक वाहिन्यांचं सर्वांत जास्त नुकसान होतं, तो रोग याच घरात होता. ऑगस्टचं नाव पाठ्यपुस्तकात आहे, मारीचं शोधावं लागतं. असो.

आता बाळंतपणाकडे येऊ. गर्भ राहिला की गर्भाशयाच्या भिंतीतल्या मळसूत्री, बारीक धमन्या आपलं रूप बदलतात. त्यांच्या भिंतीतले स्नायू विरतात, त्या रुंद होतात आणि वारेला मुबलक रक्त मिळू लागतं. १९६७ साली ब्रॉसन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी हा बदल सविस्तर मांडला. काही बायकांमध्ये तो अर्धवट होतो, वाहिन्या अरुंदच राहतात. वार उपाशी राहते आणि तिच्यातून काही द्रव्यं आईच्या रक्तात उतरतात. त्यातलं एक महत्त्वाचं द्रव्य २००३ साली अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये दाखवून दिलं. ही द्रव्यं आईच्या सगळ्या अंगातल्या बारीक वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडवतात. मूत्रपिंडातलं अस्तर बिघडलं की लघवीतून प्रथिनं जातात. डोळ्यांतलं बिघडलं की समोर काजवे चमकतात. मेंदूतलं बिघडलं की झटके येतात. डॉक्टर याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात आणि झटके आले की एक्लॅम्पसिया. आपल्याकडे अजूनही काही घरांत त्याला ‘बाहेरचं’ म्हणतात आणि दवाखान्याच्या आधी अंगारा येतो.

झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त औषध सर्वांत चांगलं, हे १९९५ साली नऊ देशांत मिळून झालेल्या पाहणीत सिद्ध झालं. त्यात भारतातल्या बायका होत्या. पहिलटकरणींना सुरुवातीच्या महिन्यांपासून कमी मात्रेत ॲस्पिरिन दिलं तर काय होतं, हे तपासणाऱ्या सहा देशांतल्या पाहणीत नागपूर आणि बेळगाव ही दोन केंद्रं होती. सुमारे बारा हजार बायकांच्या या पाहणीचा निष्कर्ष २०२० साली आला: अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाली. (हे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, दुकानातून आणून नाही.) म्हणजे संशोधनात आपल्या बायका आहेत. त्या संशोधनाने जे सांगितलं, ते आपल्या बायकांपर्यंत पोचलं का, हा माझा प्रश्न आहे.

कारण त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. शिकताना आम्ही सगळ्यांनी हेच ऐकलं होतं की वार पडली की हा आजार संपला. तसं होत नाही. २००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पंचवीस पाहण्या एकत्र करून जवळपास पस्तीस लाख बायकांची माहिती मांडली गेली. ज्यांना बाळंतपणात प्रीएक्लॅम्पसिया झाला होता, त्यांना पुढच्या आयुष्यात कायमचा रक्तदाब जडण्याचा धोका इतरांच्या साडेतीन पटींहून अधिक, आणि हृदयविकाराचा सुमारे दुप्पट निघाला. अर्धांगाचाही वाढलेलाच होता. २०११ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने बायकांच्या हृदयविकाराच्या धोक्यांच्या यादीत याची नोंद केली. बाळंतपणात बाईचं शरीर पुढची सूचना देऊन ठेवतं, ती कुणीतरी लिहून घ्यायची असते.

आमच्या कनेरगाव नाक्यावर ती कशी हरवते, ते सांगते. हिंगोली-वाशिम रस्त्यावरचं हे गाव. मराठवाडा इथे संपतो, पैनगंगेपलीकडे विदर्भ लागतो. सोयरिकी दोन्हीकडच्या. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. माहेर वाशिमकडचं, सासर हिंगोलीकडचं. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, बीपी वाढतं, गाडी करून तिला वाशिमला नेतात, झटके येतात, सुदैवाने वाचते. सव्वा-दीड महिन्याने बाळ घेऊन सासरी येते. बाळाच्या लसींची पानं ती जिवापाड जपते, कारण ती पुढे लागणार असतात. तिचा स्वतःचा डिस्चार्जचा कागद माहेरच्या पेटीत राहतो. जिल्हा वेगळा, महसुली विभाग वेगळा, आशाताई वेगळी. सासूला एवढंच माहीत की ‘बाळंतपण जड गेलं’. सुनेला चक्कर येते, डोकं ठणकतं, तेव्हा घरात निदान होतं: कामचुकार.

गेल्या वर्षी गटाच्या बैठकीत त्रेचाळीस वर्षांची एक बाई बोलली. हळद काढताना, ओझं उचललं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, धाप लागते, पाठीत आणि जबड्यात कळ येते. थांबलं की जातं. दोन ठिकाणी दाखवलं. एकाने गॅसच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने कार्डिओग्राम काढला, तो ठीक आला, मग ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं. (टेन्शन घेऊ नका, हे औषध बायकांना जेवढं लिहून दिलं जातं तेवढं कुठलंच नसेल.) पहिल्या बाळंतपणाचं विचारलं तर म्हणाली, ‘तेव्हा झटके आले होते ना. दोन दिवस शुद्धच नव्हती.’ चोवीस वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी तिचं बीपी मोजलं, ते एकशे सत्तरच्या पुढे होतं.

तिच्या दुखण्यालाही संशोधनात नाव आहे. अमेरिकेत १९९६ साली ‘वाइज’ नावाची पाहणी सुरू झाली, फक्त बायकांची. छातीत दुखतं म्हणून ज्यांची अँजिओग्राफी झाली, अशा शेकडो बायका तिच्यात घेतल्या. निम्म्याहून अधिक जणींच्या मोठ्या धमन्यांत मोठा अडथळा सापडला नाही. अशांना पूर्वी ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगून परत पाठवत. या पाहणीने पुढची तपासणी केली, तेव्हा त्यातल्या अनेकींच्या हृदयातल्या बारीक वाहिन्या नीट रुंदावत नसल्याचं दिसलं. अँजिओग्राफीत या वाहिन्या दिसतच नाहीत, तेवढ्या त्या बारीक असतात. आणि पुढे या बायकांना हृदयविकाराचे झटके इतर बायकांपेक्षा जास्त आले. म्हणजे दुखणं खरं होतं, यंत्राला दिसत नव्हतं. हृदयविकाराची लक्षणं म्हणून जे चित्र आपल्या मनात बसलं आहे, घामाघूम झालेला, छाती धरून बसलेला पुरुष, ते पुरुषांना तपासूनच तयार झालं. बाईला नुसती धाप, विलक्षण थकवा, मळमळ, पाठदुखी असंही होऊ शकतं. आमच्या या बाईची अँजिओग्राफी अजून झालेली नाही, त्यामुळे तिला नेमकं काय आहे ते मी सांगणार नाही. बीपीच्या गोळ्या सुरू आहेत आणि आता तिचं ऐकून घेतलं जातं.

योजना नाहीत असं नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी करण्याचं अभियान २०१६ पासून आहे. बाळंतपणानंतर आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या भेटी देतात, त्या मुख्यतः नवजात बाळासाठी. तिथून पुढे बाईची पाटी कोरी. रक्तदाब-मधुमेहाची घरोघरची तपासणी तीस वर्षं पूर्ण झालेल्यांची. आमच्याकडे मुलगी एकोणीस-विसाव्या वर्षी बाळंतीण होते. झटके विसाव्या वर्षी आले आणि तपासणी तिसाव्या वर्षी, मधली दहा वर्षं तिचं बीपी कोण मोजणार? २०२२ च्या नवरात्रात महाराष्ट्र शासनाने अठरा वर्षांवरच्या सर्व स्त्रियांची तपासणी करण्याची मोहीम काढली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण तिचं नाव पाहा: ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’. बाई स्वतःसाठी सुरक्षित असावी, हे वाक्य सरकारी कागदावर यायला आणखी किती नवरात्री लागतील कोण जाणे. आणि मोहीम म्हणजे मोहीम. झटके आलेल्या बाईला दरवर्षी बीपी मोजून घ्यायचं असतं, नवरात्र असो वा नसो.

आशाताईंवर हे आणखी एक काम टाकावं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मानधनाच्या मोर्चांत आपणही चाललो आहोत, आणि त्यांच्या पिशवीत किती नोंदवह्या असतात हे आपल्याला ठाऊक आहे. मागणी आरोग्य खात्याकडे आहे. बाळंतपणात बीपी वाढलेल्या किंवा झटके आलेल्या बाईचं नाव बेचाळीस दिवसांनंतर यादीतून उतरू नये. तिशीची अट तिला लागू नसावी. तिच्या डिस्चार्जच्या कागदावर ‘दरवर्षी रक्तदाब तपासावा’ हे मराठीत, तिला वाचता येईल असं लिहावं. तिची माहिती माहेरच्या जिल्ह्यातून सासरच्या जिल्ह्यात जावी. बाळाच्या लसीची नोंद जर जिल्हा ओलांडते, तर आईच्या आजाराची का ओलांडू नये?

आपल्या गटांनी यासाठी थांबायचं कारण नाही. हाताला बांधायचं बीपीचं यंत्र आता औषधाच्या दुकानात मिळतं. आमच्या इथल्या बायकांनी बचतीतून एक घेतलं आहे आणि बाजाराच्या दिवशी ते नाक्यावर असतं. दंड टेकवून, पाच मिनिटं स्वस्थ बसवून मोजायचं. एकशे चाळीस-नव्वदच्या वर दोन-तीन वेळा आलं तर डॉक्टरांकडे जायचं. गरोदर किंवा ओल्या बाळंतिणीला एवढं आलं, किंवा जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे कळ असली, तर दुसऱ्या मोजणीची वाट न पाहता त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीने जायचं. झटके बाळंतपणानंतरही येतात, हे सासवांना मुद्दाम सांगा.

आणि वहीत नाव, वय, हप्ता यांच्या शेजारी एक रकाना आखा: बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, झटके आले होते का, कुठल्या दवाखान्यात. आमच्या वहीत तो आखला तेव्हा पहिल्याच बैठकीत साठीच्या एका आजींनी हात वर केला. त्यांचं बाळंतपण घरीच झालं होतं, दवाखान्याचं नाव लिहायला नव्हतं, म्हणून त्या जागी आम्ही सुईणीचं नाव लिहिलं.