बाराशे मीटर

रिसोडला अजून रेल्वे नाही. आमची गाडी वाशीमला, त्यामुळे गँगमनच्या गोष्टी आम्हाला पारावरच ऐकायला मिळतात. या आठवड्यात एक निवृत्त काका आपल्या टोळीतल्या गड्याबद्दल सांगत होते. घण मारण्यात पहिला, हसवण्यातही पहिला, पण लाल झेंडी घेऊन लांब चालत जायचा त्याला भारी कंटाळा. जवळच कुठेतरी उभा राहायचा. नियम साधा आहे: रूळ धोक्यात असेल, तर ब्रॉडगेजवर 600 मीटरवर लाल बॅनर आणि 1200 मीटरवर, दहा-दहा मीटर अंतराने, चाकाखाली फुटणारे इशाऱ्याचे तीन फटाके. मीटरगेजला ही अंतरं 400 आणि 800 होती. 2008 मध्ये अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि पायपीट वाढली, हे खरंच. पण ताशी शंभरच्या वेगातली गाडी 1200 मीटर 43 सेकंदांत कापते, आणि लोको पायलटने ब्रेक मारला तरी ती जागच्या जागी उभी राहत नाही. जवळ उभ्या असलेल्या झेंडीवाल्याचा मग उपयोग काय? तो स्वतः बाजूला उडी मारील, रुळावर वाकलेल्यांचं काय? ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून टोळी गप्प बसते. मला हे मुळीच पटत नाही. असा सोबती कितीही लाडका असो, त्याच दिवशी मुकादमाला सांगा. ती चुगली नव्हे.