कोलांट्या खाणारा तारा

सूर्य मावळून तासभर झाला, की चेन्नईतल्या एखाद्या गच्चीवरून कधीकधी एक गमतीदार ठिपका दिसतो. विमानासारखे लाल-हिरवे दिवे नाहीत, आवाजही नाही. ताऱ्यांमधून सरकताना तो लखकन चमकतो, विझल्यासारखा होतो आणि ठरावीक सेकंदांनी पुन्हा चमकतो. हा असतो निकामी उपग्रह किंवा रॉकेटचा रिकामा टप्पा. सावरणारी यंत्रणा बंद पडल्याने तो कोलांट्या खात राहतो आणि त्याची एखादी चकचकीत बाजू आपल्याकडे उन्हाचा कवडसा फेकते.

चेन्नईकरांना मात्र घाई करावी लागते. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. त्यामुळे पावणेआठशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रहसुद्धा सूर्यास्तानंतर दोनएक तासांतच पृथ्वीच्या सावलीत जातो. उत्तर युरोपातल्या हौशी मंडळींची उन्हाळ्यात चैन असते, त्यांना मध्यरात्रीही असे ठिपके दिसतात!

साहित्य काय, तर दुर्बीण आणि स्टॉपवॉच. पहिल्या चमकेला बटण दाबायचे, पण मोजायचे 'शून्य'. नवशिके हमखास 'एक' म्हणतात आणि सगळे गणित बिघडते. दहाव्या चमकेला घड्याळ थांबवून दहाने भागायचे, म्हणजे बोटाची चूकही दहापट कमी होते. एका फेरीत दोन बाजू चमकत असतील, तर उत्तर निम्मे येते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

हा नुसता रिकामपणाचा उद्योग नव्हे. युरोपचा एन्व्हिसॅट २००२ मध्ये आकाशात गेला आणि ८ एप्रिल २०१२ रोजी त्याचा संपर्क तुटला. आठ टनांचे हे धूड इतर उपग्रहांच्या गर्दीतून बेवारस फिरते आहे. एखाद्या यानाने त्याला पकडून खाली आणायचे, तर आधी त्याची गिरकी ठाऊक हवी. २०१३ मध्ये लेसरच्या साह्याने मोजली, तेव्हा एका गिरकीला सुमारे १३५ सेकंद लागत होते आणि वेग मंदावत होता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूत वीज निर्माण होते आणि तीच ब्रेक लावते. दूर गेलेल्या अशा मुक्या यंत्राची तब्येत त्याच्या लुकलुकण्यावरूनच कळते.

निरीक्षक वेळेबरोबर तेजाची प्रतही टिपतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट तेज, हे माप १८५६ मध्ये सुचवणारे नॉर्मन पॉगसन पुढे १८६१ पासून अखेरपर्यंत मद्रास वेधशाळेत होते. त्यांचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये, तेज कमीजास्त होणारा एक तारा तिथूनच शोधला. नुंगम्बाक्कमच्या हवामान केंद्राच्या आवारात त्या वेधशाळेचा ग्रॅनाइटचा खांब आजही उभा आहे.