माईक कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, नेकनूर काय किंवा दुसरे गाव काय, आठवडी बाजारात पाकीट मारले गेले की नजर आधी पारधी बाईकडे वळते. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो कायदा गेला, संशय गेला नाही.

यावर आपण परिसंवाद घेतो. बोलतो आपणच, ती पहिल्या रांगेत, फोटोपुरती. तिची बोली ‘शुद्ध’ करून अहवालात घालतो. समाजकार्याची पदवी घेऊन मीही हेच केले.

अमेरिकेत 1851 मध्ये गुलामीतून सुटलेली सोजर्नर ट्रुथ महिला परिषदेत बोलली. 1863 मध्ये एका गोऱ्या कार्यकर्तीने ते भाषण छापले, तिच्या तोंडी दक्षिणेकडची बोली घालून. ट्रुथ होती न्यूयॉर्कची, मायबोली डच! हेतू चांगला होता, तरी आवाज हरवलाच.

‘त्या बोलत नाहीत’ ही सबब पुरे. पालावर पोलीस आले की पुढे होऊन भांडणारी बाई मुकी कशी?

तिची बुडालेली मजुरी द्या. छापण्याआधी मजकूर तिला वाचून दाखवा. संपादक मंडळात जागा द्या. नाहीतर ‘भगिनीभाव’ हा शब्द तरी वापरू नका.